सतरा नंबरचं नाव

इत्तिलिक, १३ नोव्हेंबर

नातवा,

कॉफी मिळाली, माझ्या लेकीसाठी, नीवीसाठी पाठवलेली लोकरही मिळाली. लोकर पिवळी आहे हे बरं केलंस. इथे आता तीन महिने सूर्य नाही, डोळ्यांना काहीतरी पिवळं हवंच.

मी फोन का उचलत नाही, असं विचारलंस. खरं कारण लिहिते. तुझा आवाज हुबेहूब तुझ्या भावासारखा आहे. तू नुसतं "मी बोलतोय" म्हटलंस तरी मला बसावं लागतं. म्हणून काही दिवस कागदावरच बोलू. हेलिकॉप्टर बुधवारी टपाल नेतं, वारा असला तर नेत नाही. आपल्याला कुठे घाई आहे?

तुझी आजी गेली आणि तीन आठवड्यांनी मी जन्मले. तिचं नाव मला मिळालं, म्हणून वयाने तुझ्याहून दोन वर्षांनी लहान असूनही मी तुझी आजी. लग्नाच्या दिवशी तुझा भाऊ दारात उभा राहून ओरडत होता, "मी माझ्या आजीशी लग्न केलंय, आता मला रागवायचं कोणाचं धाडस आहे बघू!" रागवायला मीच उरले होते. वीस वर्षं रागावले.

तो समुद्रात गेल्यापासून त्याचं नाव इथे कोणी घेत नाही. फेब्रुवारीत नीवी बाळंत होईल, मूल मुलगा असो वा मुलगी, नाव त्याचंच. मग सगळ्यांची तोंडं मोकळी होतील. तोवर दुकानात काम करणाऱ्या त्याच्या नावाच्या माणसालाही सगळे "उंच" म्हणतात. तो म्हणतो, "फेब्रुवारीपर्यंत वाकून चालतो, म्हणजे हेही नाव जाईल."

आता कामाचं. सतरा नंबर कसं आहे? शाळेच्या छपरावरच्या भोंग्याचा हिरवा दिवा मी रोज बघते. तो हिरवा आहे म्हणजे खाडीपलीकडच्या कड्यावरचं आपलं यंत्र जागं आहे, एवढं मला कळतं. बाकी तुला कळतं. कडा सरकतोय का?

बेआते

*

नूक, २६ नोव्हेंबर

आजी,

कडा या महिन्यात तीन सेंटिमीटर सरकला. घाबरू नकोस, पण वस्तीत कोणाला सांगूही नकोस. तो खाडीत कोसळेल तेव्हा लाट चार मिनिटांत तुमच्याकडे पोहोचेल, हे तुम्हाला माहीत आहेच. सतरा नंबर बोलतंय तोवर चार मिनिटं तरी तुमची आहेत.

आणि ते बोलतंय. इतकं बोलतंय की मला नीट झोप लागत नाही.

माझं काम तुला कधी सांगितलं नाही. किनाऱ्यावर अशी बावीस ठाणी आहेत. उन्हाळ्यात सोलर पॅनलवर बॅटऱ्या भरतात, हिवाळ्यात जे साठलं ते पुरवून खायचं. म्हणून नोव्हेंबर लागला की मी एकेकाला हुकूम पाठवतो: दहा मिनिटांनी नको, दिवसातून तीनदा बोल, मधे झोप. एकवीस ठाणी झोपली. सतरा नंबरला हुकूम पोहोचला, त्याने "मिळाला" असं कळवलं, आणि पुढच्या दहाव्या मिनिटाला पुन्हा बोललं. मी सहा वेळा पाठवला. सहाही वेळा "मिळाला".

बॅटरी मात्र उतरत नाही. बाहेर उणे एकतीस, पेटीच्या आत अधिक पाच. आत तापवायला काही नाही. माझ्या शेजारचा लार्स म्हणतो, "तुझ्या भावाने आत सीलची चरबी पेटवून ठेवलीय." मी हसलो. मग बाहेर जाऊन उभा राहिलो.

नवीन बॅटऱ्या चांगल्या निघाल्या, एवढाच अर्थ मी घेतो. ९ ऑक्टोबरला सहा दिवस मुकं झालेलं ठाणं संध्याकाळी बोलायला लागलं, म्हणजे तो पोहोचला, बॅटऱ्या बदलल्या, आणि परतताना त्याला समुद्राने नेलं. काम पुरं करून गेला. तुलाही हा आधार असेल.

एसायास

*

इत्तिलिक, ९ डिसेंबर

नातवा,

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात वाचलं, मग शाळेत नेऊन पुन्हा वाचलं. शिक्षिकेची सवय, चूक शोधत राहायची.

बॅटऱ्यांविषयी मला काही लिहिता येणार नाही. तू यंत्राच्या आत काही बदललं आहेस का? नीट आठवून सांग.

नीवी बरी आहे. अमालियामावशी रोज येऊन पोटावर हात ठेवते. इत्तिलिकमधली तीस माणसं तिच्या हातांवर जन्मली, त्यामुळे नर्ससुद्धा तिच्यापुढे गप्प. काल हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. नीवीने विचारलं, "लाथ मारतंय ना?"

"मारतंय. पाय आहेत, हात आहेत," मावशी म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. भाड्याने द्यायच्या घरासारखं वाटतंय. सगळं नीटनेटकं, आणि आत कोणी नाही."

नीवी हसली, "मावशी, भाडेकरू यायला अजून दोन महिने आहेत!" मीही हसले. मावशी हसली नाही. जाताना बूट घालत मला म्हणाली, "नाव कुठेतरी अडकलंय. कोणीतरी ते वापरतंय. वस्तीत कोणी बोलत नाही ना?"

कोणी बोलत नाही. मी एकेकाला विचारलं. उंचालाही विचारलं, तर तो रडायला लागला.

बेआते

*

नूक, २० डिसेंबर

आजी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. तू विचारलंस तसं नीट आठवायची गरजच नव्हती, मला पहिल्यापासून माहीत होतं.

ऑक्टोबरमध्ये सगळी ठाणी नव्या यादीत घालायची होती. नुसता नंबर चालत नव्हता, प्रत्येकाला नाव द्या असं वरून आलं. बाकीच्यांना खाडीची, बेटांची नावं दिली. सतरा नंबरसमोर रिकामी चौकट होती. तो जाऊन पाच दिवस झाले होते. मी तिथे ओडाक असं लिहिलं.

हे नाव इथे कागदावर लिहिल्याबद्दल मला क्षमा कर. दुसरा मार्ग नाही.

आमच्याकडे रोज सकाळी आठला यादी मोठ्याने वाचतात. कामावर असेल तो एकेक नाव घेतो, समोरचा पडदा बघतो आणि "आहे" किंवा "नाही" म्हणतो. लार्स डेन्मार्कचा, त्याला काय ठाऊक! तो रोज सकाळी म्हणतो, "ओडाक?" आणि स्वतःच उत्तर देतो, "आहे." दोन महिने झाले. बाळाला नाव मिळण्याआधी रोज त्याला हाक मारली जाते आहे, आणि हाकेला ओ येते आहे.

तू विचारशील, मग नाव काढलं का नाहीस? काढायला एक मिनिट लागतं. काल बोट बटणावर ठेवलं होतं. पण डिसेंबरमध्ये कडा अकरा सेंटिमीटर सरकला आहे. नाव काढलं आणि ठाणं मुकं झालं तर? हे खरं कारण आहे, पण पुरतं खरं नाही. मी आता रोज पावणेआठला येऊन बसतो. "आहे" ऐकतो आणि मग कॉफी पितो.

नीवीला सांगू नकोस.

एसायास

*

इत्तिलिक, ८ जानेवारी

नातवा,

वादळामुळे दोन बुधवार टपाल गेलं नाही, त्यामुळे तुझ्यावर रागवायला मला भरपूर वेळ मिळाला. तुझं पत्र मी चुलीत टाकलं. ते नाव ज्या कागदावर होतं तो कागद घरात ठेवायची माझी हिंमत नव्हती. राग आता उरलेला नाही, कारण माझंही एक खोटं आहे.

त्याची होडी मिळाली तेव्हा पहिली मी पोहोचले. अर्धी पाण्याने भरलेली होती. दोन्ही नव्या बॅटऱ्या होडीतच होत्या, दोरीने बांधलेल्या, खाऱ्या पाण्यात बुडालेल्या. त्याने त्या लावल्या नाहीत. तो तिथे पोहोचलाच नाही, एसायास.

मी त्या बॅटऱ्या शाळेच्या तळघरात लपवल्या. स्वतःला कारण असं सांगितलं, की ठाणं जुन्या बॅटऱ्यांवर आहे हे कळलं तर तुमचं कार्यालय आम्हाला हिवाळ्यापुरतं उपेर्नाविकला हलवेल. खाडीच्या दक्षिणेची वस्ती अशीच "हिवाळ्यापुरती" हलवली होती. सात वर्षं झाली, तिथल्या टेबलांवर अजून कप आहेत. एकसष्ट माणसांसाठी मी खोटं बोलले, हे खरं. पण माझंही कारण पुरतं खरं नाही. त्या सकाळी समुद्र खराब होता. तो म्हणाला, उद्या जातो. मी म्हणाले, "सहा दिवस झाले ते बंद पडून, शाळेत वीस मुलं आहेत, तुझा उद्या कधी येतो ते मला माहीत आहे." तो काम पुरं करून गेला, असं लोकांनी म्हणत राहावं असं मला वाटलं. नाहीतर तो फुकट गेला, माझ्या बोलण्याने.

परवा बेंटच्या कुत्र्यांच्या गाडीवरून मी खाडी ओलांडून गेले. दुपारी एक तास निळसर उजेड असतो, तेवढ्यात. जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहिते, काही वाढवत नाही. पॅनल पूर्ण बर्फाखाली. वाऱ्याच्या पंख्याची तिन्ही पाती मोडलेली. पेटी उघडली. बॅटऱ्या जुन्याच, एक फुगून फुटलेली, तारांवर बोटभर हिमाचा थर. तू शिकवलंस तसा मीटर लावला: शून्य. दुसऱ्यांदा लावला, शून्य. आणि शेजारी हिरवा दिवा लुकलुकत होता. मी हातमोजा काढून पेटीत हात घातला. आत ऊब होती. चुलीसारखी नव्हे. अंथरुणातून माणूस नुकताच उठून गेल्यावर असते तशी.

बेंट गाडीपाशीच थांबला होता. त्याची कुत्री कधी गप्प नसतात, भांडतात, ओढतात. ती सगळी पोटावर झोपून पेटीकडे बघत होती, शेपट्या हलवत.

"ये ना," मी ओरडले, "घाबरलास की काय?"

"मी नाही घाबरलो. मला बोलवलेलं नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "त्याला विचार, घरी येतो का."

मी विचारलं नाही. झाकण लावलं. विचारलं असतं आणि दिवा विझला असता, तर परत जाऊन एकसष्ट जणांना काय सांगणार होते?

बेआते

*

नूक, २१ जानेवारी

आजी,

तुझं पत्र वाचून मी नोंदी पुन्हा काढल्या. पडद्यावर बॅटरी बारा दशांश एक व्होल्ट. ९ ऑक्टोबरपासून प्रत्येक नोंद बारा दशांश एक. बॅटरी चढते, उतरते, थंडीत बसते. हा आकडा हलत नाही. मोजलेला आकडा असा नसतो. कोणीतरी सांगितलेला असावा तसा आहे, "ठीक आहे, ठीक आहे" म्हणावं तसा.

तुझ्या बोलण्याने तो गेला असेल तर माझ्याही गेला. त्याच दिवशी सकाळी मीही त्याला फोन केला होता. "ते एक सुरू कर रे, माझी यादी बिघडते," म्हणालो. यादी.

नव्या बॅटऱ्यांची मागणी दिली आहे, कारण लिहिलं "खबरदारी". पण जड सामानाचं उड्डाण पुरेसा उजेड आल्याशिवाय होत नाही. वीस फेब्रुवारीच्या आसपास. नियम तुला माहीत आहे: हिवाळ्यात ठाणं आठ दिवस मुकं राहिलं तर वस्ती हलवायची.

म्हणून बॅटऱ्या पोहोचेपर्यंत नाव तसंच राहू दे, असं मला वाटतं. लार्सला सांगितलं, यादी मनात वाच. तो म्हणाला, "का? ओडाक माझा सगळ्यात आवडता आहे, एकटाच कधी दगा देत नाही."

बाळाआधी बॅटऱ्या आल्या तर सगळंच नीट होईल. तू काय म्हणतेस?

एसायास

*

इत्तिलिक, १० फेब्रुवारी

नातवा,

बाळ आधी आलं. ३ तारखेला, मुलगी, तीन किलो. ती रडली नाही.

श्वास चालू आहे, डोळे उघडे आहेत. पण ती दूध ओढत नाही. नीवी छातीशी धरते, ती तोंडही उघडत नाही. आम्ही थेंब थेंब जिभेवर सोडतो, त्यातला अर्धा बाहेर येतो. नर्सने डॉक्टरला पडद्यावर दाखवलं, त्यांना काही दोष सापडला नाही. म्हणाले, उपेर्नाविकला आणा. वाऱ्यामुळे मागच्या बुधवारचं हेलिकॉप्टर आलं नाही. उद्याचं येईल म्हणतात, पण टपालापुरतं. आता डॉक्टरच म्हणतात, या थंडीत एवढ्या अशक्त बाळाला हलवू नका. हात गार आहेत, कितीही गुंडाळलं तरी गार.

मावशीने बोट पाण्यात बुडवून तिच्या ओठांवर लावलं आणि नाव घेतलं. आपण सगळ्यांसाठी करतो तसंच. एकदा, तीनदा. नाव ऐकलं की बाळ त्या बाजूला मान वळवतं, तू पाहिलं आहेस. हिने वळवली नाही. ती आमच्या पलीकडे खिडकीकडे बघत राहिली. खिडकी खाडीच्या बाजूला आहे.

मावशी माझ्याकडे वळली. "तू सांग. तुला माहीत आहे."

मी सांगितलं. आधी तिला, मग नीवीला, मग संध्याकाळची वाट न बघता शाळेत सगळ्यांना बोलावून, तळघरातल्या बॅटऱ्या वर आणून. तुझं सांगितलं आणि माझंही. लपवायचं ठरवलं असतं तरी आवाजाने दगा दिला असता.

कोणी ओरडलं नाही. मावशी तेवढी म्हणाली, "पोर इथे उपाशी, आणि नाव तिकडे नोकरीला लावलंय!"

मी म्हणाले, नाव काढलं तर भोंगा जाईल. सामान यायला दहा दिवस, नियम आठ दिवसांचा, कडा कधी येईल ते कोणालाच माहीत नाही. एका बाजूला एक मूल आहे, ते माझं आहे, म्हणून मी मत देणार नाही.

मग बेंट म्हणाला, "कड्यावर नजर ठेवायला माझ्या बापाला बॅटरी लागत नव्हती."

"तुझ्या बापाला चष्मा लागत होता," उंच म्हणाला, "आणि तो घालायचा नाही."

"मग तू बस. तुझी मान तरी वर पोहोचते."

तिथून सगळे एकदम बोलायला लागले. दोन-दोन तासांच्या पाळ्या, टेकडीवर चर्चच्या मागे, हातात बंदूक. आवाज झाला किंवा खाडीचा बर्फ हलला तर दोन गोळ्या हवेत. लहान मुलांच्या घरांनी वरच्या घरांत झोपायचं. मी यादी लिहिली आणि तीत माझं नाव पहिलं घातलं. एकानेही "नको" म्हटलं नाही. मी बघत होते, एखादा तरी म्हणेल.

हे पत्र उद्या निघेल, शुक्रवारी तुला मिळेल. शनिवारी, १४ तारखेला, सूर्य पहिल्यांदा कड्यावरून वर येतो. अंधारात नाव वाट चुकतं, असं मावशी म्हणते, म्हणून फोन करून घाई केली नाही; त्या दिवशी दुपारी बाराला नाव काढ. तेव्हा आम्ही सगळे टेकडीवर असू, बाळाला घेऊन.

बेआते

*

नूक, १४ फेब्रुवारी

आजी,

आत्ता साडेबारा झाले आहेत. तुझ्याकडे काय झालं ते मला माहीत नाही, आणि कळेपर्यंत हे लिहून टाकतो, म्हणजे नंतर सोयीने बदलता येणार नाही.

मी अकराला येऊन बसलो. लार्सला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने खुर्ची थोडी मागे ओढली आणि विचारलं, "मग मी चार महिने कोणाला हाक मारत होतो?"

११:३० चा संदेश नेहमीसारखा आला. ११:४० चा आला तो रिकामा. कड्याची जागा नाही, तापमान नाही, बारा दशांश एक नाही. नुसती पोच. ११:५० चाही रिकामा. बाराचाही. मग मी ओडाक पुसलं आणि नियमात बसत नसलं तरी नुसतं १७ लिहिलं. दोनदा चुकीचा आकडा पडला.

१२:१० ला काही आलं नाही. १२:२० लाही नाही.

वरिष्ठांना कळवलं आहे: ठाणं सतरा, संपर्क तुटला, कारण वीज. आठ दिवस आजपासून मोजले जातील. मी उड्डाणवाल्यांना रोज फोन करणार आहे, त्यांनी शिव्या दिल्या तरी.

बाळाचं कळव. कसंही असलं तरी कळव.

एसायास

*

इत्तिलिक, १ मार्च

नातवा,

तुझ्या त्या पत्रातली वेळ मी माझ्या वहीशी ताडून पाहिली. दोनदा पाहिली, कारण माझ्यावर माझा विश्वास कमी आहे.

त्या दिवशी आम्ही साडेअकरालाच वर गेलो होतो. गार होतं, वारा नव्हता. नीवीने बाळाला अंगरख्याच्या आत, छातीशी धरलं होतं. सगळे कड्याकडे तोंड करून उभे. सूर्य अजून आला नव्हता, फक्त कडेला पिवळी रेघ. बेंटच्या कुत्र्यांनी एकदम डोकी वर केली. खाडीवरून काहीतरी चालत येत असावं तशा त्यांच्या माना हळूहळू वळत गेल्या, लांबून जवळ, जवळून आमच्यापर्यंत, नीवीपर्यंत. बर्फावर काही नव्हतं. मी शपथेवर लिहिते, काही नव्हतं. मग नीवी ओरडली, "आई गं!" आणि लगेच, "चावली! ही चावली मला!"

मी घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस.

तू नाव बाराला काढलंस. त्याआधी वीस मिनिटं. म्हणजे आपण त्याला सोडवलं, असं मला म्हणता येत नाही. मग काय म्हणावं? तो स्वतःच आला, असं मावशी म्हणते. बाळं कधी कधी उशिरा दूध ओढतात, असं नर्स म्हणते. मी वहीत फक्त वेळ लिहिली आहे.

बॅटऱ्या सातव्या दिवशी आल्या. मी आणि बेंट जाऊन बसवल्या. फुटलेली बॅटरी उचलताना हात गारठला, पेटी आतून बाहेरच्या इतकीच थंड होती. आता सतरा नंबर तुझ्या हुकमाप्रमाणे दिवसातून तीनदा बोलतं आणि मधे झोपतं. ते झोपतं तेव्हा आम्ही बघतो. पाळ्या कोणी बंद केल्या नाहीत.

आता मी पाळीवरूनच लिहिते आहे, हातमोज्यात पेन्सिल धरून. खाली घरात ओडाक भुकेने किंचाळते आहे, आणि इथपर्यंत ऐकू येतं, की निम्मी वस्ती तिचं नाव घेऊन तिला गप्प करते आहे. "ओडाक, गप. ओडाक, आली आई." चार महिन्यांचं साठलेलं सगळे एकदम बोलतात. तिला गप्प बसायचंच नाही. एका क्षणी वाटलं, एवढ्या आवाजाने कडाच खाली येईल. म्हणून मान वर करून पाहिलं.

अजून तिथेच आहे.

बेआते